खाली डावीकडे

सोफ्याच्या चित्रात लोक सोफ्याकडे बघतच नाहीत, छताकडे बघतात, हे नजरसाहेबांनी इतक्या ठामपणे सांगितलं की बैठकीतल्या सगळ्यांनी माना वर करून खोलीचं छत बघून घेतलं. छत पांढरं होतं आणि एका कोपऱ्यात त्याचे पोपडे निघाले होते. तरीही मंडळींनी माना खाली केल्या त्या जरा आदरानेच.

"छताकडे?" सोफ्याच्या कारखान्याचे मालक म्हणाले. "पण चित्रात छतावर काहीच नाहीये."

"तेच तर," नजरसाहेब म्हणाले. "काही नाही म्हणूनच बघतात. दिवसभर दमलेल्या माणसाला मोकळी जागा हवी असते. सोफा त्याला अडवतो. छत त्याला सोडवतं."

मालकांनी हे वाक्य लिहून घेतलं. नजरसाहेबांना स्वतःलाही ते आवडलं होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

त्यांचं खरं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. लोकांची नजर चित्रात कुठे जाते हे शोधणं हा त्यांचा धंदा. माणसाला पडद्यासमोर बसवायचं, चित्र दाखवायचं. पडद्याखाली एक काळी पट्टी असते, ती त्याच्या डोळ्यांवर पाळत ठेवते आणि नजर कुठे गेली, किती वेळ रेंगाळली, याचे आकडे भराभर ओतत राहते. त्या आकड्यांचा ढीग उपसून नजरसाहेब चित्रावर रंग चढवायचे. जिथे नजर खिळली तिथे लाल, जिथे जरा टेकली तिथे पिवळा, जिथे कोणी ढुंकूनही बघितलं नाही तिथे रंगच नाही. हा रंगीत नकाशा म्हणजे त्यांच्या दृष्टीने ब्रह्मवाक्य. माणसाच्या बोलण्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माणूस म्हणतो मी बातमी वाचली आणि डोळे सांगतात, हा शेजारच्या नटीचा फोटो बघत होता. म्हणून त्यांनी यंत्राच्या खोलीत भिंतीवर स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती : 'माणसाला विचारू नका, डोळ्यांना विचारा.' तिथे बसलेल्या कोणालाही, काय बघितलंत, असं विचारायला सक्त मनाई होती.

या वेळच्या नकाशात चित्राच्या वर डावीकडे, रिकाम्या छतावर, लालभडक डाग होता. त्याखाली भिंतीवर पिवळा पट्टा. खालचा भाग कोराच.

"आणि फोटो काढणारी माझी बायको आहे, हे आधीच सांगून ठेवतो," नजरसाहेब शेवटी म्हणाले. "पण डोळ्यांना नातीगोती कळत नाहीत. जे आहे ते आहे."

त्यांच्या वरिष्ठ मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नजरसाहेबांच्या बुटांकडे एकवार बघितलं आणि तोंड मिटलं.

हा फोटो जमला त्यामागेही एक गंमत होती. ज्या मॉडेलने सोफ्यावर बसायचं होतं तो त्या दिवशी उगवलाच नाही. सोफा आलेला, दिवे लावलेले, आता बसवायचं कोणाला? बायकोने नवऱ्याला फोन केला. नजरसाहेब ऑफिसातून धावतपळत आले. बायकोने त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि चेहरा झाकायला सांगितला, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आराम कधी दिसत नसे. "बूट काढ आणि पाय त्या स्टुलावर टाक," ती म्हणाली. त्यांनी टाकले. तिने खाली एकदा बघितलं, मनाशी काहीतरी ठरवलं आणि म्हणाली, "आता अजिबात हलू नकोस." नंतर फोटो दाखवला तेव्हा नजरसाहेबांनी फक्त पोट पेपराआड नीट लपलंय ना, तेवढं बघितलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

फोटो मालकांच्या पसंतीला उतरला तर कारखान्याच्या वर्षभराच्या सगळ्या जाहिराती तिलाच मिळणार होत्या. आजवर तिने ओळखपत्रांचे फोटो काढले होते, लोकांच्या लग्नांत हेलपाटे मारले होते, रडणाऱ्या पोरांपुढे खुळखुळे वाजवले होते. स्वतःच्या मनासारखं काम पहिल्यांदाच दाराशी आलं होतं, आणि त्याचा निकाल नवऱ्याच्या नकाशावर लागायचा होता.

संध्याकाळी त्यांनी घरी तो निकाल सांगितला. बायको लेन्स पुसत होती, ती पुसतच राहिली.

"छत?"

"छत. वर डावीकडे. लालभडक."

"आणि खाली डावीकडे?"

"शून्य."

"नीट बघितलंस?"

"मी कशाला बघू? लोकांच्या डोळ्यांनी बघितलं."

"एकानेही खाली नाही बघितलं? एकानेसुद्धा?"

"अगं, बघण्यासारखं आहे काय तिथे?"

ती काहीतरी बोलणार होती, पण तिने ते गिळून टाकलं. "काही नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, बघतील."

कोपऱ्यात सासूबाई उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. लेकीचा चेहरा बघून त्यांनी सुई थांबवली. "त्या लोकांना विचारलंत का हो, काय बघितलं म्हणून?"

"आई, विचारायचं नसतं," नजरसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "विचारलं की माणूस खोटं बोलतो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा टाके घालू लागल्या.

इकडे मालक हातपाय हलवणारा माणूस. तज्ज्ञाचं ऐकायचं तर पुरतं ऐकायचं, असा त्यांचा खाक्या होता. खाली कोणी बघत नसेल तर ती जागा फुकट का छापायची, म्हणून त्यांनी चित्राची खालची पट्टी कापायला लावली. त्यात स्टूल गेलं, पाय गेले आणि अर्धा सोफाही गेला. लोक छत बघतात म्हणून कारखान्याचं नाव छतावर आलं. पण नुसतं नाव बघून लोक विकत काय घेणार, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी सुताराला बोलावून उरलेल्या स्प्रिंगा आणि सोफ्याचं कापड यांचा एक लोंबता दिवा करायला लावला. दिवा कसा होता हे सांगणं कठीण आहे. उलटा टांगलेला कोबी म्हटलं तर कोबीला राग येईल.

मग फोटोवालीला निरोप गेला, की दिवा मुख्य धरून नवा फोटो काढा. बिचारी जमिनीवर उताणी झोपून फोटो काढत होती. त्या फोटोत दिवा आकाशाएवढा आला आणि सोफा तळाशी एका रेघेसारखा उरला. मालकांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला.

"हा सोफा आहे की पायरी?" ते म्हणाले. "बाईंना जमत नसेल तर दुसरं कोणी बघतो. सोमवारी काय ते ठरवू."

ही बातमी घेऊन बायको घरी आली आणि तिने कॅमेरा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. भांडली असती तर नजरसाहेबांनी तोंड दिलं असतं. पण ती भांडली नाही, आणि घरातल्या त्या शांततेने त्यांना जेवण जाईना. चूक तिची होती, यात त्यांना शंका नव्हती. फक्त ती तिला शास्त्रशुद्ध पद्धतीने समजावून द्यायला हवी होती. म्हणून रविवारी ते ऑफिसातली काळी पट्टी पिशवीत घालून घरी घेऊन आले.

"तुझ्या डोळ्यांदेखत दाखवतो," ते म्हणाले. "आई, तुम्ही बसा पडद्यासमोर."

"चष्म्याचा नंबर काढणार?"

"नाही. आधी एक ठिपका पळेल, तो जाईल तिकडे बघा. मग चित्र येईल. तुम्हाला हवं तिथे बघा. मी काही विचारणार नाही."

सासूबाई सरसावून बसल्या. ठिपका पळाला, त्याच्यामागून त्यांचे डोळे पळाले. मग पहिला, न कापलेला फोटो आला. त्या बघत राहिल्या. मध्येच खुदकन हसल्या. नजरसाहेबांनी बटण दाबलं आणि नकाशा उमटला : वर डावीकडे, छतावर, लालभडक डाग.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "तुझ्या आईचे डोळेसुद्धा छताकडेच."

"कोणाचे, माझे?" सासूबाई म्हणाल्या. "छताकडे कशाला बघू मी? तुमचा अंगठा बघत होते."

"कुठला अंगठा?"

"पायाचा. मोज्यातून बाहेर आलाय तो."

नजरसाहेब पडद्यावर वाकले. इतके दिवस हा फोटो त्यांच्यासमोर होता, पण नेहमी नकाशाखाली, आणि रंग नाही तिथे ते बघत नसत. आज त्यांनी पहिल्यांदा खाली डावीकडे बघितलं. स्टुलावर त्यांचा पाय होता, पायात राखाडी मोजा होता आणि मोज्याच्या भोकातून एक गोरागोमटा, गुटगुटीत अंगठा जगाकडे बघत होता.

पण हार मानतील तर ते नजरसाहेब कसले? "आई, माणसाला वाटतं एक आणि डोळे करतात दुसरंच," ते म्हणाले. "हे शास्त्र आहे."

"असेल. आता मी ठरवून अंगठ्याकडेच बघते. सांगा तुमच्या शास्त्राला."

त्यांनी अंगठ्यावर डोळे रोखले. लाल डाग छतावर पडला.

"आता छताकडे बघते."

त्यांनी छतावर डोळे रोखले. लाल डाग नेमका अंगठ्यावर येऊन बसला.

नजरसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या नकाशात ती छताला जाऊन लागली असती.

घोटाळा कळायला त्यांना वेळ लागला नाही. काळी पट्टी चित्राच्या वरच्या कडेपासून खाली आकडे धरते. पूर्वीचा नकाशा काढणारा प्रोग्रॅमही तसाच होता. पण तो जुनाट म्हणून नजरसाहेबांनी स्वतःच्या हाताने नवा लिहिला होता, आणि तो शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखा खालून वर आकडे धरत होता. सोफ्याचं चित्र हे त्या नव्या प्रोग्रॅमचं पहिलंच काम. चित्र सरळ राहिलं आणि बघणाऱ्यांची नजर तेवढी डोक्यावर उभी राहिली. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ते स्वतः बजावत, की आधी वर-खाली तपासा. इतरांना शहाणपण शिकवणाऱ्याच्या दिव्याखाली हा असा अंधार होता.

त्यांनी एक ओळ बदलली आणि सगळ्या बघणाऱ्यांचा नकाशा नव्याने काढला. छत कोरं झालं. भिंतीवरचा पिवळा पट्टा घसरून सोफ्यावर आला. आणि लालभडक डाग अंगठ्यावर असा बसला की तो ठणकतोय असं वाटावं.

नजरसाहेब मटकन खाली बसले.

"झालं," ते म्हणाले. "तुझी काहीच चूक नव्हती. सगळं माझ्या अंगठ्याने घालवलं. सोफ्याच्या जाहिरातीत लोक माझा अंगठा बघतायत. अगं, मोजा फाटलाय हे मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू बदलला असतास."

"म्हणजे तुला दिसला होता?"

"अरे, मी फोटोवाली आहे, आंधळी नाही," बायको म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात धार आली होती आणि नजरसाहेबांना ती ऐकून बरं वाटलं. "जाहिरातीत सोफ्यावर माणसं कशी बसवतात बघितलंयस? पाठ ताठ, दात बाहेर, जसं काही दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. घरात असं कोण बसतं? मला खराखुरा घरी आलेला माणूस हवा होता. तू बूट काढलेस आणि मला तो मिळाला."

"पण लोक अंगठाच बघतात."

"आधी. मग कुठे जातात? तुझ्या त्या रंगात सगळं एकदम दिसतं. आधी काय आणि नंतर काय, ते दाखव ना."

ते दाखवता येत होतं. नजर जिथे थांबली तिथे ठिपका आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ, असा नजरेच्या चालीचा नकाशाही ते काढत असत. छत सापडल्याच्या आनंदात या वेळी त्यांनी तो काढलाच नव्हता. आता काढला. पहिल्या माणसाची नजर अंगठ्यावर आली, थबकली, घोट्यावरून पोटरीवर गेली, तिथून सोफ्याच्या बैठकीवर उतरली, हातावर टेकली, पाठीवरून फिरली, एकदा पुन्हा अंगठा बघून आली आणि सोफ्यावर रमली. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचंही थोड्याफार फरकाने तेच. जो तो अंगठ्याला हसत होता आणि मग हे पाय इतक्या निवांत कुठे पसरलेत ते बघायला सोफ्यावर जात होता.

नजरसाहेबांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. लोकांची नजर कुठून निघेल आणि कुठे पोचेल, हे तिने कोणत्याही यंत्राशिवाय आधीच ओळखलं होतं. त्यांना तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली, दोन्ही अगदी मनापासून.

"कुलूप काढ कपाटाचं," ते म्हणाले. "उद्या मी बोलतो."

सोमवारी सगळ्यांना यंत्राच्या खोलीत बसवून ते बोलले. काही लपवलं नाही, आडवळण घेतलं नाही. नकाशा उलटा होता, चूक माझी, फोटो उत्तम आहे, हे त्यांनी मागच्या वेळेइतक्याच ठामपणे सांगितलं. घात तिथेच झाला.

"मागच्या वेळीही तुम्ही असेच ठाम होतात," मालक म्हणाले. टेबलावर त्यांच्यासमोर तो स्प्रिंगांचा दिवा ठेवलेला होता आणि तो अजून डुलत होता. "आणि या बाई तुमच्या कोण?"

"बायको."

"हं," मालक म्हणाले.

त्या एका 'हं'पुढे सगळे रंग, ठिपके आणि रेघा फिक्या पडल्या. बायको खाली मान घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. दुरुस्त केलेला नकाशा दाखवून आता उपयोग नव्हता, कारण नकाशा काढणाऱ्याचीच पत गेली होती. नजरसाहेबांनी भिंतीवरच्या स्वतःच्या पाटीकडे बघितलं. मग पाटीकडे पाठ केली आणि या खोलीत आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी विचारलं.

"साहेब, हा फोटो तुम्ही अगदी पहिल्यांदा बघितलात, तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

मालकांनी इकडेतिकडे बघितलं. "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"अंगठा."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? तुम्ही एवढे तज्ज्ञ, तुम्ही म्हणालात छत. मला वाटलं, आपल्याला अंगठा दिसतोय म्हणजे आपणच अडाणी."

"मलाही दिसला होता," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण कोणाचा आहे ते माहीत होतं, म्हणून बोलणं बरं वाटेना."

"तुम्हाला कसं माहीत?" नजरसाहेबांनी विचारलं.

"इथे तुम्ही रोज बूट काढून बसता. ऑफिसात सगळेच ओळखतात त्याला."

मालकांची नजर सावकाश टेबलाखाली गेली आणि नजरसाहेबांच्या बुटांवर येऊन थांबली. इथे कुठल्याही नकाशाची गरज नव्हती. नजरसाहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि नेटाने पुढचा प्रश्न टाकला.

"आणि अंगठ्यानंतर काय बघितलंत?"

"नंतर काय, सोफा बघितला," मालक म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम मवाळ झाला. "वाटलं, आपल्यालाही असं पाय टाकून पडायला मिळालं तर काय बहार येईल. जन्मभर सोफे बनवतोय मी, पण घरी मला कोणी असं बसू देत नाही. कापड मळतं म्हणतात."

एवढं बोलून ते स्वतःच विचारात पडले. मग त्यांनी दिवा उचलून खाली ठेवला आणि कापलेला फोटो बाजूला सारून आख्खा फोटो पुढे ओढला.

"हाच जाऊ दे, पायांसकट," ते फोटोवालीला म्हणाले. "वर्षाचं काम तुमचं. पण एक अट आहे. सगळ्या चित्रांत हाच अंगठा पाहिजे. मिळेल?"

"मिळेल की," बायको म्हणाली. "घरचाच आहे."

ज्याचा अंगठा, त्याला कोणी विचारलं नाही.

महिनाभरात मोठ्या चौकात फलक लागला. अंगठा नजरसाहेबांपेक्षा उंच होता. ते रस्ता ओलांडायला थांबले असताना शेजारचा एक अनोळखी गृहस्थ वर बघून हसला. नजरसाहेबांना आता विचारायची सवय लागली होती.

"काय बघताय?"

"तो अंगठा हो. बिचाऱ्याकडे घरी कोणाचं लक्ष नाही वाटतं."

"आहे," नजरसाहेब म्हणाले. "चांगलं बारीक लक्ष आहे."

"सोफा मात्र झकास आहे," गृहस्थ म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

नजरसाहेब तसेच दुकानात शिरले आणि उंची मोज्यांचे बरेच जोड घेऊन घरी आले. फलकावर काय दिसायचं ते दिसो, चारचौघांत तरी आपला अंगठा झाकलेला असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मोजे टेबलावर ठेवून ते हातपाय धुवायला गेले. परत येऊन बघतात तर सासूबाई चष्मा लावून, हातात कात्री घेऊन त्यातल्याच एका मोज्याला भोक पाडत होत्या.

"आई, अहो, नवा आहे तो."

"नवाच लागतो. उद्या दुसरा फोटो आहे ना? जुन्याला भोक पाडलं तर ते फाटत जातं," सासूबाई म्हणाल्या. "मी कडेला बारीक टाका घालून देते, म्हणजे वर्षभर टिकेल. पाय पुढे करा. माप घेते."

आतल्या खोलीत बायको गुणगुणत लेन्स पुसत होती. नजरसाहेबांनी मुकाट्याने पाय पुढे केला आणि मान मागे टाकली. वर छताला, डावीकडे, मालकांनी प्रेमाने भेट दिलेला स्प्रिंगांचा दिवा लोंबत होता. तो लावून आता आठवडा होऊन गेला होता.

"आई," त्यांनी विचारलं, "हा दिवा कसा वाटतो हो तुम्हाला?"

सासूबाईंनी त्यांच्या अंगठ्यावरची नजर हलवली नाही.

"कुठला दिवा?"